पदवी जुनी झाली, सध्या काय करता?

एमबीएची पदवी हातात पडून पंचवीस वर्षं उलटलेल्यांसाठी हा धागा. आमच्या बॅचच्या संमेलनात सुरुवातीला पगाराच्या गप्पा असत, मग मुलांच्या ॲडमिशनच्या, हल्ली अँजिओप्लास्टीच्या. मधलं कुणी बोलतच नाही. कुणाला कंपनीने नारळ दिला, कुणी आपणहून उठून गेलं, आणि रात्री जागून घोकलेल्या विषयांपैकी आज खरंच काय हाताशी येतं, ते लिहा. पदांची यादी मात्र नको, ती लिंक्डइनवर आहेच. कंपन्यांची आणि माणसांची नावं टाळा, बॅचचं साल आणि विषय पुरे. माझं अजून 'चालू आहे', त्यामुळे सुरुवात दुसऱ्या कुणीतरी करावी.

१९८६, ऑपरेशन्स

आयुष्य कारखान्यात गेलं. आधी प्रॉडक्शन प्लॅनिंग, मग पर्चेस. रिटायर झाल्यावर घरातल्या कपाटांचं स्टॉक-टेकिंग सुरू केलं, तेव्हा बायकोने हात जोडले. ओळखीचे एक डॉक्टर मला रक्तपेढीत घेऊन गेले. म्हणाले, "साठ्याचंच बघायचात ना? मग हे बघा."

लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवली, तर आत कोणतं द्रावण आहे त्यानुसार ३५ ते ४२ दिवस टिकते. प्लेटलेट्सचं तसं नाही. त्या २० ते २४ अंशांवर, सतत हलत राहणाऱ्या ट्रेवर ठेवाव्या लागतात आणि साधारण ५ दिवसांत बाद होतात. त्यातला सुरुवातीचा वेळ तपासण्यांत जातो, तो वेगळाच. इतका नाशवंत माल मी उभ्या नोकरीत हाताळला नव्हता.

ईओक्यूचं, म्हणजे एका वेळी किती माल मागवायचा ते सांगणारं सूत्र आम्हाला तोंडपाठ होतं. फोर्ड हॅरिस यांचं, १९१३चं. मागणी चौपट झाली तर ऑर्डर दुप्पट करा, असं ते वर्गमुळाचं गणित. इथे ते पहिल्याच दिवशी गुंडाळून ठेवलं. माल खराब होत नाही आणि सप्लायर मागाल तेव्हा माल पाठवतो, या दोन गोष्टी त्यात धरून चाललेल्या असतात. आमचा सप्लायर म्हणजे स्वतःच्या मनाने येऊन हात पुढे करणारा माणूस. शिबिर झालं की एका दिवसात ढीगभर पिशव्या येतात, आणि त्या सगळ्यांची एक्स्पायरीही मग एकाच वेळी डोक्यावर येऊन बसते.

उपयोगी पडलं ते पेपर विकणाऱ्या पोऱ्याचं गणित. एक नग कमी पडला तर नुकसान किती, एक उरला तर किती, आणि या दोन्हींच्या प्रमाणावर साठा ठरवायचा. ओ निगेटिव्ह, म्हणजे घाईच्या वेळी कुणालाही देता येणारं रक्त, कमी पडलं तर काय होतं ते सांगायला नको, म्हणून ते थोडं वाया गेलं तरी चालेल असं धरून जास्तच ठेवायचं. एबी पॉझिटिव्हच्या लाल पेशींची तेवढी काळजी नाही, कारण त्या गटाच्या रुग्णाला कुठल्याही गटाच्या लाल पेशी चालतात. परीक्षेत हे गणित बहुतेकांनी ऑप्शनला टाकलेलं होतं!

बाकी मी केलं ते फार थोर नाही. कोणती पिशवी आधी बाहेर जायला हवी ते लांबूनच दिसावं म्हणून फ्रीजच्या कप्प्यांना रंगीत पट्ट्या लावल्या. आणि एकच दणदणीत शिबिर करण्यापेक्षा दोन लहान करा, मध्ये काही आठवडे जाऊ द्या, म्हणून आयोजकांच्या मागे लागलो. दुसरं काम जास्त कठीण. त्यांना फोटोत गर्दी हवी असते.

१९८९, पर्सोनेल

वर्गात आम्ही मोजक्या मुली आणि आमचा विषय म्हणजे बाकीच्यांच्या लेखी गप्पांचा तास. ऑर्गनायझेशनल बिहेविअरच्या लेक्चरला फायनान्सवाले मागच्या बाकावर बसून बॅलन्स शीट जुळवायचे. त्यातलेच काही आता रात्री फोन करतात. पार्टनरशी फाटलंय, नवा बॉस तिशीतला आहे, मुलगी बोलत नाही, काय करू? मी ऐकून घेते. मनात थोडं बरंही वाटतं, खोटं कशाला बोलू.

नोकरीत माझ्या वाट्याला माणसं काढायचं काम सगळ्यात जास्त आलं. डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा, २००८ला, मग कोविडमध्ये. हे कसं करायचं ते कुठे शिकवत नाहीत, म्हणून लिहिते. खोली काचेची नको. समोरच्या माणसाची खुर्ची दाराच्या बाजूला ठेवायची, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर त्याला आपल्याला ओलांडून जायला लागत नाही. पत्र तयार हवं, पण टेबलावर पालथं. हवापाण्याच्या गप्पा अजिबात नकोत. तुमची जागा रद्द झाली आहे आणि हा निर्णय बदलणार नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं मॅनेजर लोकांना जमत नाही. ते लगेच "मलाही फार वाईट वाटतंय" सुरू करतात आणि ज्याची नोकरी गेली त्यालाच यांची समजूत काढावी लागते. आणि शुक्रवारी संध्याकाळी तर सांगूच नका. पुढचे दोन दिवस त्या माणसाच्या प्रश्नांना उत्तर द्यायला ऑफिसात कुणी नसतं.

एका फेरीत यादी मी तयार केली आणि माझं नाव त्यात वरच्या कुणीतरी नंतर घातलं. माझ्या साहेबांनी सुरुवात हवापाण्यापासून केली.

आता मी मध्यस्थीचं काम करते. बरीचशी भांडणं वडिलांनी उभ्या केलेल्या धंद्यावरून, भावाभावांत किंवा भावाबहिणीत. माणूस काय मागतोय आणि त्याला ते कशासाठी हवंय, या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे निगोशिएशनच्या तासाला शिकले होते, ते रोज कामी येतं. परवाच्या प्रकरणात धाकटा ५० टक्क्यांवर अडून बसला होता. विचारत विचारत गेल्यावर निघालं ते वेगळंच. बँकेच्या कागदांवर त्याची सही चालत नव्हती, आणि सप्लायरसमोर थोरल्याला फोन लावून विचारावं लागायचं. टक्क्यांवर आम्ही पुन्हा आलोच नाही.

१९९५, मार्केटिंग

पन्नाशीच्या अलीकडेच नारळ मिळाला. मुलाखतीत म्हणायचे, तुमचा अनुभव आमच्या गरजेपेक्षा जास्त आहे. मग बायोडेटातली पहिली दहा वर्षं उडवली, पदवीचं साल काढलं, फोटो काढला. बोलावणी वाढली! व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसला की ये रे माझ्या मागल्या. शेवटी, ज्या धंद्यातल्या लोकांना मी कधीकाळी कामं द्यायचो, त्यांच्याच बाजूला जाऊन बसलो. एका लहान एजन्सीत आहे. बॉस माझ्या मुलीच्या वयाची. जेरोम मॅकार्थींचे फोर पीज (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) १९६०चे आहेत म्हटल्यावर तिने "एवढे जुने?" म्हणून माझ्याकडे असं बघितलं की जणू ते मीच काढले. कॅम्पेनचे डॅशबोर्ड कसे वाचायचे ते ती मला शिकवते, आणि क्लायंटला 'नाही' कसं म्हणायचं ते मी तिला. पगार पूर्वीच्या निम्मा आहे आणि त्याचं रडगाणं घरी अधूनमधून चालू असतं.

१९८३, फायनान्स

माझ्या टेबलावर अजूनही एचपी-१२सी असतो. १९८१ साली बाजारात आलेला, आडवा, सोनेरी पट्टीचा कॅल्क्युलेटर. त्याला बरोबरच्या चिन्हाचं बटणच नाही. २ आणि ३ मिळवायचे तर २, एंटर, ३ आणि शेवटी अधिक. आमच्या नातवाला हे मान्यच नाही. तो बटण हुडकत बसतो.

ट्रेझरीत होतो, म्हणजे कंपनीच्या पैशांची ये-जा बघायचो. दुसऱ्यांचे पैसे आयुष्यभर डिस्काउंट केले, म्हणजे उद्याच्या पैशांची आजची किंमत काढली. स्वतःचे मोजायला बसलो तेव्हा जाणवलं की अभ्यासक्रमात पैसे वाढवण्याचं गणित होतं, खर्चायला काढण्याचं नव्हतं. बॅचमधले भलेभले अजून सरासरी परताव्यावर निवृत्तीचा हिशेब मांडतात. त्यांना मी एक छोटं उदाहरण करायला लावतो. १०० घ्या. पहिल्या वर्षी ३० टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी २० टक्के घट, झाले १०४. क्रम उलटा करा, तरी १०४. आता दर वर्षअखेरीस ५ काढून घ्या. आधी वाढ आणि मग घट झाली तर ९५ उरतात. आधी घट आणि मग वाढ झाली तर ९२.५. बाजार तोच, परतावे तेच, फक्त क्रम बदलला. निवृत्त होताच बाजार पडला, तर पडलेल्या भावाला विकून खर्च भागवावा लागतो, आणि विकलेले शेअर्स पुढे बाजार चढला तरी आपल्यासाठी चढत नाहीत.

विल्यम बेंगेन यांनी १९९४मध्ये मांडलेला ४ टक्क्यांचा नियम याच काळजीतून आला. पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढा, पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवा, ३० वर्षं पुरेल. पण तो हिशेब अमेरिकेतल्या शेअर्स आणि रोख्यांच्या आकड्यांवर केलेला आहे. दुसरीकडे राहणाऱ्याने तो जसाच्या तसा उचलू नये. मी स्वतः पहिल्या काही वर्षांचा खर्च शेअर्सच्या बाहेर ठेवला. परतावा थोडा कमी पडतो. पडू दे.

१९९३, सिस्टिम्स

सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली, नंतर वडिलांचं सुरू झालं. परत यायचं ठरवलं तेव्हा कळलं की अशा लोकांसाठी आता 'रिटर्नशिप' असते. गोल्डमन सॅक्सने २००८मध्ये हे नाव रूढ केलं, मग इतरांनी उचललं. काही महिने ठरावीक मानधनावर काम करायचं, जमलं तर पक्की नोकरी. मी अशाच एका दुसऱ्या कंपनीत शिरले. पहिल्याच आठवड्यात एक्सेलमध्ये व्हीलुकअप (तक्त्यातून हवी ती नोंद शोधून आणणारं सूत्र) लिहीत होते, तर शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, आता एक्सलुकअप आहे." तो आता माझा सगळ्यात जवळचा सहकारी आहे. आमचं सॉफ्टवेअर हॉस्पिटलच्या विमा दाव्यांचं. दावा नेमका कुठल्या कागदासाठी अडतो ते टीममध्ये माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, कारण मी ते घरच्यांसाठी लढले आहे. मुलाखतीत मात्र त्या वर्षांबद्दल कुणी चकार शब्द विचारला नव्हता.

१९९१, स्ट्रॅटेजी

उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा केला, म्हणजे कन्सल्टिंग. बीसीजी या कन्सल्टिंग कंपनीची १९७०ची, क्लायंटचे धंदे चार चौकटींत बसवणारी मॅट्रिक्स घेऊन गावोगाव फिरलो. तारा, दुभती गाय, प्रश्नचिन्ह, कुत्रा. एका क्लायंटकडे प्रेझेंटेशन संपल्यावर फोरमन जवळ आला आणि विचारलं, "साहेब, यातलं आमचं डिपार्टमेंट कोण?" त्यांचं कुत्र्यात होतं. मी म्हणालो, "अजून ठरायचंय." मग रीइंजिनिअरिंगचं, म्हणजे कामाची पद्धत मुळापासून नव्याने रचायचं वारं आलं. ते ज्यांनी आणलं त्या मायकेल हॅमर यांनीच पुढे मान्य केलं की त्यात माणसांचा विचार कमी पडला. तोवर आमची बिलं निघाली होती.

आता दोन लहान कंपन्यांत स्वतंत्र संचालक आहे. एन्रॉन ही अमेरिकेतली बडी ऊर्जा कंपनी २००१मध्ये बुडाली, पाठोपाठ तिचे ऑडिटर आर्थर अँडरसनही गेले, आणि अमेरिकेत २००२मध्ये कंपन्यांचे हिशेब आणि ऑडिट यांवर कडक नियम घालणारा सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला. त्याआधी ऑडिट कमिटीची बैठक म्हणजे बऱ्याच ठिकाणी सह्यांपुरती असायची. मी बैठकीचे कागद आले की नफा शेवटी बघतो. आधी धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड, मग येणी किती दिवसांची, मग संबंधित पक्षांशी, म्हणजे मालकांच्याच नातलगांशी किंवा दुसऱ्या कंपन्यांशी झालेले व्यवहार. नफा वाढलाय, रोकड जागच्या जागी आणि येणी ६० दिवसांवरून ११०वर, असं दिसलं की विचारतो, माल विकला गेलाय की वर्षअखेरीला डीलरच्या गोदामात ढकललाय? मग सगळे फाइली चाळायला लागतात. स्ट्रॅटेजीतलं यात काहीच नाही. पहिल्या सेमिस्टरच्या अकाउंटिंगवर पोट चाललंय.

१९७८, जनरल मॅनेजमेंट

काही करत नाही. वाचतो, फिरतो, दुपारी झोपतो. पूर्वी कुणी विचारलं की "थोडं कन्सल्टिंग" असं ठोकून द्यायचो, ते आता बंद केलंय. १९८६वाल्यांना विचारायचं होतं, आमच्या वयाच्या माणसाला रक्तपेढीत काम देतात का? रक्त घेणार नाहीत ते माहीत आहे.

१९८६, ऑपरेशन्स

देतात की! फोन करणारी माणसं तर कायम हवी असतात. दुर्मीळ गटाच्या जुन्या दात्यांच्या याद्या पडून आहेत, त्यातले बरेच नंबर बदललेत. एकेकाला गाठून पत्ता, नंबर, शेवटचं रक्तदान कधी, एवढं अद्ययावत करायचं. दुपारची झोप तेवढी सोडावी लागेल, सर. लोक फोन दुपारीच उचलतात.