आपोआप सिंक होणारी कलेक्शनं: सोय की गळ्यात धोंड?

कळफलक
मामाच्या हॉटेलात वेटर फोनवर ऑर्डर टाकतो आणि किचनच्या टॅबलेटवर केओटी (किचनसाठीची ऑर्डरची चिठ्ठी) लगेच उमटते. आधी वेबसॉकेट (फोन आणि सर्व्हरमधली सतत उघडी जोडणी) हाताने लिहून पाहिलं. नेट गेलं-आलं की मधल्या ऑर्डरी गायब! मग मीटिअर हे वेब अ‍ॅप बनवायचं तयार फ्रेमवर्क घेतलं. सर्व्हरवर कलेक्शन (डेटाबेसमधला नोंदींचा गठ्ठा) पब्लिश, म्हणजे पाठवायला खुलं; टॅबलेटवर सबस्क्राइब, म्हणजे त्याची मागणी; विषय संपला. बदल डीडीपीवरून (मीटिअरच्या संदेशांच्या प्रोटोकॉलवरून) येतात आणि ब्राउझरमधल्या मिनीमाँगोत (माँगो डेटाबेसच्या छोट्या अवतारात) आपसूक बसतात. तरी २०१२चं म्हणून लोक नाकं मुरडतात. का ते सांगा.

जुनी_खोड
वयाचा प्रश्न नाही हो. कुठल्या क्लायंटकडे कोणती डॉक्युमेंटं (डेटाबेसमधल्या नोंदी) गेलीत, याची नोंद मीटिअर मुळात सर्व्हरच्या मेमरीत ठेवतं. क्लायंट वाढले की मेमरी फुगते. त्यात ऑपलॉग, म्हणजे माँगोची बदलांची वही! माँगोमधलं प्रत्येक लिखाण प्रत्येक सर्व्हर वाचत बसतो, कामाचं असो-नसो. आमच्याकडे एका रात्री कुणीतरी जुन्या नोंदी दुरुस्त करायची स्क्रिप्ट चालवली आणि सगळ्या सर्व्हरना एकदम धाप लागली. ऑपलॉग नको म्हणाल तर पोलिंग (डेटाबेसला ठरावीक वेळाने पुन्हा विचारणं), म्हणजे बाहेरून झालेला बदल दिसायला दहा सेकंदांपर्यंत थांबा.

कळफलक
सहा फोन, एक टॅबलेट. कसली मेमरी फुगतेय? शिवाय मी फक्त आजच्या ऑर्डरी पब्लिश करतो.

तळलेली_सुरमई
मेमरी सोडा, शिल्लक माल कसा मोजता? सुरमई दोन उरल्यात. दोन्ही वेटरांच्या फोनवर २ दिसतंय, दोघेही एकेक विकतात, दोघांचे फोन सर्व्हरला सांगतात 'आता १'. सर्व्हरवर १, कढईत शून्य. सिंक अगदी चोख झालं, आकडा मात्र खोटा! 'शिल्लक असेल तरच एक कमी कर' अशी मेथड, म्हणजे फोनने बोलवायचं फंक्शन, सर्व्हरवर हवी.

कळफलक
हे मान्य. शिलकीपुरती मेथड लिहितो. केओटी मात्र पब्लिशच राहणार.

जुनी_खोड
राहू द्या. पण ते 'आजच्या' कसं ठरवता? पब्लिशमधली तारीख सबस्क्राइब करताना एकदाच ठरते. रविवारी लावलेला टॅबलेट तसाच चालू राहिला, तर बुधवारीही रविवारपासूनच्या ऑर्डरी दाखवेल.

कळफलक
अरे देवा. मामा परवा ओरडत होता, 'काल वाढलेलं पापलेट आज परत कुणी मागितलं?' मी वेटरला झापलं.