'थ्री मेन इन अ बोट'वरचा कोणता चित्रपट दाखवावा?

वल्हेकरी: वाचनमंडळात जेरोमचं हे तीन मित्रांच्या टेम्स नदीतल्या नौकासफरीचं पुस्तक (१८८९) संपलं. आता त्यावरचा चित्रपट दाखवायचाय. वेळ सव्वा तास, बजेट ५०० रुपये, प्रोजेक्टर जुना ४:३ वाला (चौकोनीसर चित्राचा). १९५६, १९७५ की रशियन?

खडूस_वाचक: डोळे मिटून १९७५ चा बीबीसीवाला. पटकथा टॉम स्टॉपर्ड, दिग्दर्शन स्टीफन फ्रिअर्स, तिघांतला हॅरिस झालाय मायकेल पेलिन. पुस्तकाची खरी मजा निवेदकाच्या विषय सोडून भरकटण्यात आहे आणि स्टॉपर्डने ते निवेदन राखलंय. पुस्तकातले पॉजरकाका तसबीर टांगतात (प्रकरण ३) तेव्हा नदीचा पत्ताही नसतो. नुसता प्रवास दाखवला की असलं सगळं गळतं.

पडदानशीन: डीव्हीडी मागवणार असाल तर रीजन (ती कुठल्या देशांच्या प्लेअरवर चालते त्याचा क्रमांक) बघा. ब्रिटनचा २, आपला ५. साध्या प्लेअरवर लागणार नाही. मल्टी-रीजन प्लेअर घ्याच, आणि तो प्रोजेक्टरही बदला.

वल्हेकरी: बजेट ५०० आहे हो.

पडदानशीन: मग सोळास नऊवाला वापरलेला बघा. १९५६ चा सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चित्राचा आहे; ४:३ पडद्यावर वरखाली काळे पट्टे येऊन उंची जेमतेम निम्मी उरते. मागच्या रांगेला काही दिसायचं नाही. शिवाय त्यात पोरींची भानगड वाढवलीय.

तळ्यात_मळ्यात: पोरी रशियनमध्येही आहेत! १९७९, नाउम बिरमान, गाण्यांसकट. टेम्सच्या जागी नेमान नदी. पण त्यातला नट मिरोनोव्ह काय काम करतो! दोन भाग आहेत, पहिलाच दाखवा. दोन्ही जोडलेली फाइल घेतली तर सबटायटल्स तपासा. दुसऱ्या भागाची वेळ शून्यापासून असेल तर पहिल्या भागाच्या लांबीएवढी पुढे सरकवावी लागते.

खडूस_वाचक: इंग्रजी विनोद रशियनमध्ये, तोही सबटायटल वाचत? १९७५ चाच लावा.

शाईदौत: चित्रपट हवाच कशाला? जेरोम १९२७ साली गेला, मजकूर केव्हाच कॉपीराइटमधून मुक्त झालाय. प्रकरण ४ (सामान बांधणं) आणि १२ मधला अननसाचा डबा मोठ्याने वाचा. डबाफोडणी विसरलेली, मग चाकू, कात्री, नाव ओढायची आकडी, शेवटी दगड आणि डोलकाठी. संक्षिप्त आवृत्ती मात्र नको. चित्रपट दाखवणारच असाल तर जाहीर खेळाची परवानगी आधी बघा.

खडूस_वाचक: १९७५.

वल्हेकरी: सगळ्यांचे आभार. १९५६ चा ठरला. मंडळातल्या ज्येष्ठांना तोच हवाय, वेळ वाढवून मिळाली, परवानगीचं काम मंडळ बघतंय. खुर्च्या पुढे ओढू.

पडदानशीन: पट्टे दिसणारच.