ॲलिसच्या उंचीचा तक्ता: सोसायटी वाचनगट

ए-१०२: मंडळी, शनिवारपासून 'ॲलिस इन वंडरलँड'. एकूण १२ प्रकरणं, बैठकीला दोन. पुस्तक घेण्याआधी अनुक्रमणिका बघा. मुलांसाठीच्या आवृत्त्या पुष्कळदा संक्षिप्त असतात आणि पहिली कात्री कवितांवर चालते. जॉन टेनियलची ४२ चित्रं असलेली पूर्ण आवृत्तीच हवी. पुस्तक १८६५चं असल्याने नेटवर फुकट मिळतं.

सी-६०१: काका, कविता गाळल्या तर काय बिघडतं? गोष्ट तर पुढे जातेच ना.

ए-१०२: बिघडतं. दुसऱ्या प्रकरणात ॲलिसला शंका येते की आपण आपणच आहोत की दुसरं कोणी. खात्री करायला ती पाठ असलेली कविता म्हणू जाते. कविता आयझॅक वॉट्सची, १७१५ची, उद्योगी मधमाशीवर. तेव्हाच्या इंग्रज मुलांना ती तोंडपाठ असे. पण ॲलिसच्या तोंडून निघते ती हसऱ्या जबड्यात चिमुकल्या माशांचं स्वागत करणारी मगर! मूळ कविता समोर नसेल तर हे नुसतं विचित्र वाटतं. वॉट्सची पहिली दोन कडवी छापून आणतो, आधी ती मोठ्याने वाचू.

बी-३०४: तिथेच ॲलिस पाढाही म्हणून बघते आणि 'चार पंचे बारा, चार सक तेरा' येतं, ते घाईने ओलांडू नका. लेखक लुईस कॅरल ऑक्सफर्डला गणित शिकवायचे. आपण दहाच्या पायात मोजतो, म्हणजे दहाचा एक गट झाला की डावीकडे १ लिहितो; पाया १८ घेतला तर तो १ अठराचा. २० ही संख्या अठराच्या पायात लिहिली तर १२ होते (१८ + २). २४ एकवीसच्या पायात १३. दर पायरीला पाया ३ने वाढवत जा. चार बारे ४८ म्हणजे ३९च्या पायात १९. पुढच्या पायरीला पाया ४२, संख्या ५२, म्हणजे ४२ + १०. एककाच्या घरात दहा बसले, २० आलंच नाही. ॲलिस म्हणतेच, अशाने मी वीसपर्यंत पोचणार नाही. पुस्तकात याचा खुलासा नाही, हा वाचकांनी लावलेला अर्थ आहे. सोपा अर्थही आहे: इंग्रजी पाढा बाराला थांबतो, तिथे १९च होतात.

ए-१०२: सुरेख. आता मुख्य काम. वहीत चार रकाने आखा: प्रकरण, काय खाल्लं-प्यायलं, उंची, कोणाच्या मर्जीने. बाटलीने १० इंच, केकने ९ फुटांच्या वर, पंख्याने पुन्हा खाली. चौथ्या प्रकरणापर्यंत सगळं नशिबावर. पाचव्यात ती ३ इंचांची असते आणि ही उंची वाईट म्हटल्यावर सुरवंट चिडतो, कारण तोही नेमका ३ इंच! इथे अळंबीचे दोन तुकडे हाती येतात, एक उंच करणारा, दुसरा बुटकं करणारा, आणि ताबा तिच्याकडे येतो: डचेसच्या घरासाठी ९ इंच, मार्च हेअर नावाच्या सशाकडे जाताना २ फूट, बागेच्या दारासाठी साधारण १ फूट.

डी-२०५: आणि शेवटी कोर्टातल्या खटल्यात?

ए-१०२: तिथे दुसरा रकाना रिकामाच राहतो. काहीही न खाता ती आपोआप वाढते. राजा 'नियम ४२' वाचतो, मैलापेक्षा उंच असणाऱ्यांनी बाहेर जावं. ती साफ नकार देते. पूर्ण पुस्तकाची चढण चौथ्या रकान्यात दिसते. तक्ता न करता वाचलं की नुसते सुटे गमतीदार प्रसंग उरतात आणि तिसऱ्या बैठकीपासून गळती लागते.

सी-६०१: प्रतीकं, मानसशास्त्र वगैरे?

ए-१०२: सहाव्या बैठकीनंतर. आधी मजकूर.

बी-३०४: सातव्या प्रकरणासाठी एक काम: चहापानाची तारीख शोधा. ॲलिस 'चार' सांगते, महिना आदल्या प्रकरणात मांजराशी बोलून झाल्यावर तिच्या मनात येतो, मे. जिच्यासाठी गोष्ट रचली त्या ॲलिस लिडेलचा जन्म ४ मे १८५२चा.

डी-२०५: वही घेतली ताई. क्लबहाऊसची चावी वॉचमनकडे सांगून ठेवते, ५ वाजता.