ओल्ड ट्रॅफर्डवरची छत्री: एक लाखाचं मैदान नक्की कुणासाठी?

दादरचा रेड

मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबने ११ मार्च २०२५ ला नव्या मैदानाचा आराखडा दाखवला, तेव्हापासून आमच्या रात्री जागून मॅच बघणाऱ्या टोळक्यात यावरून भांडणं चालू आहेत. म्हणून हा धागा.

ज्यांनी चित्रं पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आराखडा नॉर्मन फॉस्टर यांच्या फॉस्टर अँड पार्टनर्सचा. एक लाख आसनं, खर्च सुमारे २ अब्ज पौंड, जागा सध्याच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाला लागूनच. सगळ्यावर छत्रीसारखं एक अवाढव्य आच्छादन आणि ते पेलायला २०० मीटर उंचीचे तीन खांब, त्यांना 'त्रिशूळ' म्हणतायत. छत्रीखाली लंडनच्या ट्रॅफल्गार चौकाच्या दुप्पट मोकळी जागा. पावसाचं पाणी आणि सौरऊर्जा साठवायचीही सोय आहे. पाच वर्षांत बांधून होईल असं सांगितलंय. समर्थकांमध्ये लगेच दोन तट पडले. एक गट म्हणतो सर्कशीचा तंबू, दुसरा म्हणतो आता कुठे क्लबला शोभेसं काही दिसलं.

मी पहिल्या गटात आहे. आत्ताचं मैदान थकलंय हे मान्य. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्याच्या वेळी छपरातून जे पाणी कोसळलं ते सगळ्या जगाने पाहिलं. त्याला पागोळ्या म्हणणंही कमीच होतं. युरो २०२८ स्पर्धेच्या मैदानांमध्ये शेजारच्या मँचेस्टर सिटी क्लबचं एतिहाद आहे आणि ओल्ड ट्रॅफर्ड नाही, हे तर जिव्हारी लागतं.

पण हे खांब ४० किलोमीटरवरून दिसतील म्हणून आम्ही खूश व्हायचं, हे मला पटत नाही. मैदान आत बसलेल्या माणसाला खेळ दिसावा म्हणून बांधतात. मला खालून तिसाव्या रांगेतून काय दिसेल ते सांगा, कोपऱ्यातला कॉर्नर फ्लॅग किती लांब असेल ते सांगा. जुनं ओल्ड ट्रॅफर्ड बाहेरून पाहिलं की एखादी मोठी गिरणी वाटते. वीट, लोखंड आणि वर लाल अक्षरं. माझे आजोबा परळला गिरणीत होते. कापसावर वाढलेल्या गावातलं मैदान गिरणीसारखं दिसतं, यात मला कायम आपलेपणा वाटत आला. ही छत्री मात्र दोहात उभी राहिली असती तरी चाललं असतं.

आणि छत एवढं उंच गेल्यावर आवाजाचं काय? स्ट्रेटफर्ड एंडचा, म्हणजे गोलामागच्या आमच्या कट्टर समर्थकांच्या स्टँडचा, दबदबा आवाजावर आहे. तो आकाशात विरून गेला तर एक लाख माणसं बसवूनही मैदान मुकंच राहील.

गर्डर

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. या प्रकल्पाशी संबंध नाही, पण तुमच्या तिसाव्या रांगेबद्दल बोलू शकतो.

मैदानाची बैठक आखताना आम्ही सी-व्हॅल्यू धरतो. तुमच्या डोळ्यांपासून जवळच्या टचलाइनपर्यंत, म्हणजे खेळाच्या कडेच्या रेषेपर्यंत, रेघ ओढली, तर ती पुढे बसलेल्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, ते अंतर. ९० मिलिमीटर मिळालं तर छान, ६० च्या खाली गेलं तर माणूस मान वाकडी करून बघतो. हे अंतर राखायचं तर जसजसे मागे जाल तसतशी प्रत्येक पायरी थोडी अधिक उंच करावी लागते, म्हणून चांगल्या मैदानाचा उतार वाडग्याच्या कडेसारखा वर चढत जातो. पण तो कितीही चढवता येत नाही. जिन्याच्या सुरक्षेसाठी साधारण ३४ अंशांवर थांबावं लागतं. दुसरी मर्यादा अंतराची. सर्वांत लांबच्या कॉर्नरपासून प्रेक्षक १९० मीटरच्या पलीकडे नको, कारण त्यापुढे चेंडूच नीट दिसत नाही. एक लाख माणसं या दोन मर्यादांत बसवणं ही खरी कसोटी आहे. छत्री त्या मानाने सोपी.

किंबहुना छत्रीमुळे आतलं काम सोपं होऊ शकतं, असं माझं मत आहे. छत स्वतंत्र खांबांवर पेललं तर स्टँडच्या मागच्या भिंतींवर त्याचा भार येत नाही. मग स्टँड फक्त नजरेचा विचार करून आखता येतो. खांब उंच आहेत ते निव्वळ मिरवायला नाहीत. केबलने एवढं मोठं आच्छादन तोलायचं तर खांब उंचच लागतो. तो जितका बुटका, तितकी केबल आडवी होते आणि तिच्यातला ताण वाढतो. फॉस्टर यांच्याच लंडनमधल्या नव्या वेंब्ली मैदानाची कमानही १३३ मीटर उंच आहे आणि ती छताचा भार घेते.

'आहे तेच दुरुस्त करा' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सर बॉबी चार्ल्टन स्टँडच्या पाठीला रेल्वेमार्ग आहे, म्हणून ती बाजू आजही एकमजली राहिली. तिथे वाढवायचं म्हणजे रुळांवर बांधायचं. नवं मैदान शेजारी उभं राहिलं तर तोवर जुन्यात खेळता येतं. आपलं मैदान बांधून होईपर्यंत टॉटनहॅम क्लबला वेंब्लीत बिऱ्हाड करावं लागलं, बार्सिलोनाला मोंजुइकच्या टेकडीवर. ती वेळ इथे येत नाही. शिवाय सुमारे १६० मोठे भाग आधीच तयार करून मँचेस्टर शिप कॅनॉलमधून आणायची कल्पना आहे. १८९४ चा तो कालवा कापसासाठी खणला होता, त्यातून आता स्टँड येतील. गिरणीचं नातं मला तरी तिथे दिसतं.

हायबरी

आर्सेनलवाला आहे, पण या विषयात आमचा अनुभव ऐकाच. २००६ मध्ये आम्ही हायबरीचं जुनं मैदान सोडून नव्या एमिरेट्समध्ये गेलो. ३८ हजारांवरून थेट ६० हजार. सगळ्यांना खेळ दिसतो, खुर्ची ऐसपैस, कागदावर खोट काढायला जागा नाही. तरी पुढची कितीतरी वर्षं तिथे ग्रंथालयासारखी शांतता असायची, आणि घर वाटावं म्हणून क्लबला मागाहून भिंतीभर जुन्या खेळाडूंची चित्रं लावावी लागली. गर्डर, सी-व्हॅल्यूत हे कुठे मोजता?

गर्डर

त्यात नाही मोजत, खरं आहे. पण टॉटनहॅमने तुमच्याकडूनच धडा घेतला. २०१९ च्या त्यांच्या मैदानात दक्षिणेचा स्टँड १७,५०० माणसांचा, एकाच उताराचा आहे, मध्ये कॉर्पोरेट बॉक्सचा पट्टा नाही. जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबचा 'पिवळी भिंत' म्हणतात तो स्टँड डोळ्यांसमोर ठेवून तो केला. म्हणजे आवाज आखता येतो, मालकाने तशी मागणी करायला हवी.

हिशेबनीस

मालकाने मागणी करायला हवी, इथेच घोडं पेंड खातं.

छत्री सुंदर की कुरूप यावर मी वेळ घालवणार नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाकडून ७९ कोटी पौंडांना हा क्लब घेतला गेला आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं गेलं. तोवर क्लबवर कर्ज नव्हतं. वीस वर्षं व्याज भरण्यात गेली, छपराला ठिगळ लावायला पैसा उरला नाही. २०२४ मध्ये सर जिम रॅटक्लिफ सहमालक म्हणून आले, आणि त्यानंतर आधी सुमारे २५० नोकऱ्या गेल्या, मग आणखी २०० पर्यंत जातील असं सांगितलं गेलं. २०२४-२५ हंगामाच्या मध्यावर उरलेली तिकिटं ६६ पौंडांची केली, लहान मुलांची आणि ज्येष्ठांची सवलतही काढली. ६६ पौंड म्हणजे सात हजार रुपयांच्या घरात. बाप आणि दोन मुलं गेली तर हिशेब करा. बरं, संघ त्या वर्षी लीगमध्ये १५वा आला.

आता सांगा, जिथे ७४ हजारांच्या मैदानात पोराला सवलत द्यायला जीव वर आला, तिथे २ अब्ज पौंडांचं बांधकाम फेडायला कुणाच्या खिशात हात घालतील? एक लाख जागांमध्ये स्वस्त जागा किती, हे आराखड्यासोबत लिहून दिलं असतं तर मी पहिला टाळ्या वाजवणारा होतो. ग्लेझर आले तेव्हा चिडलेल्या समर्थकांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला आणि २०१५ मध्ये मोस्टनला स्वतःचं छोटं मैदानही बांधलं. त्यावर ना छत्री ना त्रिशूळ, पण ते त्यांचं आहे.

पावसाळी

हिशेबनीस यांच्या तिकिटाच्या मुद्द्याला +१, आणि त्यासाठी मँचेस्टरपर्यंत जायला नको. ब्रेबॉर्न असताना चर्चगेटपासून चालत दहा मिनिटांवर वानखेडे का उभं राहिलं? तिकिटांच्या वाटपावरून ब्रेबॉर्नचा मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं बिनसलं म्हणून. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. नंतर २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेचं नूतनीकरण झालं तेव्हा जागा सुमारे ४५ हजारांवरून ३३ हजारांवर आल्या. बसायला आराम मिळाला, पण बारा हजार माणसं बाहेर राहिली. ती बॉक्समधली नव्हती हे सांगायला नकोच.

दादरचा रेड यांच्या आवाजाच्या भीतीशी मात्र असहमत. वानखेडेवरचं छतही टेफ्लॉनच्या कापडाचं, बाहेरून तंबूसारखंच दिसणारं. २ एप्रिल २०११ ला मी नॉर्थ स्टँडमध्ये होते. धोनीचा षटकार गेल्यावर शेजारी उभा असलेला माझा भाऊ तोंड उघडून काहीतरी ओरडत होता आणि मला त्याचा एक शब्दही ऐकू येत नव्हता. तेव्हा कापडाला दोष नका देऊ.

कॉपकर

लिव्हरपूलचा पाठीराखा आहे, एवढंच सांगतो: आम्हीही एकदा शेजारच्या स्टॅनली पार्कमध्ये नवं मैदान बांधायला निघालो होतो, चित्रंसुद्धा तयार होती. ते बारगळलं ते बरं झालं. २०१६ मध्ये मेन स्टँड वाढवला, मग अ‍ॅनफिल्ड रोड एंड, आणि आता ६१ हजार बसतात. कॉप, म्हणजे आमचा गोलामागचा जुना स्टँड, जागच्या जागी आहे. जुनं पाडल्यावर ते परत येत नाही.

सॅलफर्डकर

मी इथे सॅलफर्डला आठ वर्षं राहतो, कालव्याच्या या बाजूला. रोज कामावर जाताना मैदान दिसतं.

दोन-तीन गोष्टी लिहायच्या राहून जातायत असं वाटलं. एक म्हणजे, एक लाखाचा हट्ट नवा नाही. आर्चिबाल्ड लीच यांनी १९१० चं ओल्ड ट्रॅफर्ड आखलं तेही मुळात एक लाख लोकांसाठीच. खर्च हाताबाहेर जायला लागला म्हणून ८० हजारांवर आणलं. आणि त्या वेळीही लोक क्लेटन भागातलं बँक स्ट्रीटचं मैदान सोडून इथे यायला कुरकुरले असतीलच, कारण क्लेटनच्या कामगारांसाठी हे गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

दुसरं, ज्या ११ मार्चला आराखडा दाखवला, त्याच तारखेला १९४१ मध्ये जर्मन विमानांनी ओल्ड ट्रॅफर्डवर बॉम्ब टाकले होते. मुख्य स्टँड गेला. १९४९ पर्यंत क्लब सिटीच्या मेन रोडवर भाडं भरून खेळला. तेव्हा आपण ज्याला जुनं ओल्ड ट्रॅफर्ड म्हणून कवटाळतो, ते बहुतेक युद्धानंतर तुकड्यातुकड्याने उभं राहिलंय. हे सांगून कुणाला खिजवायचं नाही. मी स्वतः अजून ठरवू शकलेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबा साताऱ्याहून आले होते. त्यांना फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. मैदान दाखवायला नेलं तर आग्नेय कोपऱ्यातल्या घड्याळाखाली ते थांबले. घड्याळावर म्युनिक आणि ६ फेब्रुवारी १९५८ लिहिलंय. मी त्यांना सांगितलं की युनायटेडच्या संघाला घेऊन निघालेलं विमान तिथे बर्फात कोसळलं, २३ माणसं गेली, त्यात आठ खेळाडू. बाबांनी चप्पल असती तर काढली असती, बूट होते म्हणून टोपी काढली आणि थंडीत तसेच उभे राहिले. मग विचारलं, "दर वर्षी इथंच जमतात का?" म्हटलं हो, दुपारी ३ वाजून ४ मिनिटांनी, अपघाताच्या वेळेला.

मला छत्रीचं वावडं नाही. इथे वर्षभर पाऊस असतो आणि मॅचनंतर ट्रामच्या रांगेत भिजत उभं राहायचं नसेल तर तो मांडव हवाच आहे. पण ते घड्याळ चौकात कुठेतरी शोभेला टांगतील, की लोक ज्या भिंतीखाली जमतात ती भिंतही सोबत नेतील, हे मला कळायला हवंय.

दादरचा रेड

सगळ्यांचे आभार. खांबांच्या उंचीबद्दल गर्डर यांचं पटलं, तो माझा गैरसमज होता. पावसाळी, नॉर्थ स्टँडचा दाखला मी नाकारू शकत नाही. पण तो आवाज छतामुळे नव्हता, तिकीट मिळालेल्या माणसांमुळे होता, असंही म्हणता येईल. त्यामुळे मी आता छत्रीचं भांडण सोडतो आणि हिशेबनीस यांच्या शेजारी जाऊन उभा राहतो. स्ट्रेटफर्ड एंड एकाच उताराचा, मध्ये बॉक्स नाहीत, उभं राहायला रेलिंगच्या जागा, आणि पोरांची सवलत कायम. हे लिहून मिळालं तर तंबू म्हणणं बंद.

सॅलफर्डकर, येत्या ६ फेब्रुवारीला तुम्ही जाणार असाल तर घड्याळाखालचा एक फोटो इथे टाका.

सॅलफर्डकर

जाणार आहे. सुट्टी टाकलीय.