कार्टून आणि गेम बघून लेकरं मुक्या जनावरांना त्रास द्यायला शिकतात का?

सेलूची_आई
नमस्कार मंडळी. माझा पोरगा पहिलीला आहे, तसा गुणाचा आहे, चुलत बहिणीवर सुद्धा कधी हात उगारत नाही. सुट्टीत गावी सासऱ्यांकडं आलोय, इथं कडब्याच्या गंजीत मांजर व्यालीय आणि हा दिवसभर त्या पिल्लांच्याच मागं फिरायलाय. परवा त्यानं एक पिल्लू माळवदावर नेलं आणि वरून खाली सोडून दिलं. मी अंगणात तूर निवडत होते, धप्पकन आवाज आला, बघते तर पिल्लू मागचा पाय ओढायलंय. आणि हा वरून वाकून मलाच विचारतो, आई ते उठंना कामून?? रागात नव्हता, खोडसाळपणा पण नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं की ते उठत का नाही. नंतर एवढा रडला की जेवला नाही.

मला लगेच डोळ्यापुढं ते टॉम अँड जेरी आलं. ते मांजर छतावरून पडतं, चपटं होतं, डोक्यावर इस्त्री पडते आणि दुसऱ्या मिनिटाला पळायला लागतं. शिवाय मोबाईलवर एक शिकारीचा गेम आहे, हरीण पाडलं की नाणी मिळतात. ह्यांचं म्हणणं आपण पण तेच कार्टून बघत मोठे झालो, काय झालं आपल्याला? सासरे म्हणतात मोबाईल नेऊन विहिरीत टाका. मला दोन्ही पटंना. तुमच्या घरी काय अनुभव आहे, खरं सांगा.

औशाचा_शेतकरी
ताई, आमच्या लहानपणी गावात टीव्हीच नव्हता तरी सरडा दिसला की पोरं दगडं घेऊन मागं लागायची. चतुर धरायचा, शेपटीला दोरा बांधायचा आन् उडवत बसायचं. दिवाळीत कुत्र्याच्या शेपटीला लवंगी फटाके बांधणारी पोरं प्रत्येक गल्लीत होती. ते कुठल्या कार्टूननं शिकवलं? थोरली पोरं करायची, धाकटी बघायची आन् पारावर बसलेली मोठी माणसं हसायची. कार्टूनला उगं दोष देऊ नका.

बालवाडी_ते_बीएड (संभाजीनगर)
दादा म्हणतात त्यात तथ्य आहे पण कार्टूनला एवढं सहज सोडू नका. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या लेकरांवर एक प्रयोग केला, बीएडला बहुतेकांनी वाचला असेल. मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बुक्क्या मारतंय, हातोडीनं ठोकतंय हे लेकरांनी बघितलं आणि नंतर तसंच केलं. १९६३ मध्ये त्यांनी पुढचा प्रयोग केला, त्यात काही लेकरांनी माणूस समोर प्रत्यक्ष बघितला, काहींनी फिल्मवर, आणि काहींना कार्टूनसारखा सीन दाखवला ज्यात एक बाई काळ्या मांजराच्या वेशात होती. ज्यांना काहीच दाखवलं नव्हतं त्यांच्यापेक्षा हे तिन्ही गट जास्त मारकुटे वागले. म्हणजे लेकरू पडद्यावरचं बघून उचलतं, हे नक्की.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, ती बाहुली बुडाशी जड होती, कितीही मारली तरी परत उभी राहायची. तिला लागतच नव्हतं. त्यामुळं त्या प्रयोगावरून लेकरू जिवंत प्राण्याशी क्रूर होईल असा थेट अर्थ काढता येत नाही. तुमच्या मुलाचा प्रॉब्लेम मला वेगळा वाटतो ताई, त्याला मारायला आवडलं असं नाही, त्याला दुखणं दिसलेलंच नाही. कार्टूनमधून मार तेवढा दाखवतात, वेदना गाळून टाकतात, आणि पाच-सहा वर्षांच्या लेकराला खरं आणि खोटं अजून पक्कं वेगळं करता येत नाही.

आणि घाबरू नका. मुद्दाम, परत परत, लपून जनावराला इजा करणं हे मुलांच्या वर्तनविकाराचं एक लक्षण धरतात, १९८७ पासून अमेरिकेच्या मानसोपचाराच्या निदान-पुस्तकात ते आहे. तसं दिसलं तर नक्की डॉक्टरांना दाखवावं, आणि घरात कुणी त्या लेकराला मारतंय का तेही बघावं. पण जे लेकरू रडलं, जेवलं नाही, त्याचं काळीज जागेवर आहे.

झेडपी_मास्तर
मी माजलगाव तालुक्यात शिकवतो. २०२१ च्या डिसेंबरात आमच्या तालुक्यातल्या लवूळची बातमी आठवत असेल, माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, घरांवर नेतात म्हणून. अडीचशे पिल्लं मारली असा आकडा पार परदेशापर्यंत फिरला, शेवटी वनखात्यानं दोन माकडं पकडून नेली. आकड्याचं सोडा, मला आठवतं ते मोबाईल. माकड विरुद्ध कुत्रा असे मीम आले, मोठी माणसं एकमेकांना पाठवायलीत आणि खो खो हसायलीत, आणि शेजारी बसलेलं लेकरू आधी बापाच्या तोंडाकडं बघायचं आणि मग तेही हसायचं. उंचावर सोडून दिलेलं, उपाशी, खाली उतरता न येणारं पिल्लू, यात हसण्यासारखं काय होतं?? कार्टून तर बनवलेलं असतं, हे जिवंत होतं.

म्हणून माझं म्हणणं, कार्टून बंद करण्यापेक्षा शेजारी बसा. मांजर आपटलं की विचारा, आत्ता ह्याला कुठं लागलं असेल रे? वर्गात मी हे करतो. सुरुवातीला पोरं हसतात, मग एखादी पोरगी म्हणते सर पाठीला, आणि मग सगळे सांगायला लागतात की माझा हात मोडला होता तेव्हा असं झालं होतं.

नांदेडचा_गेमर
सगळ्या गेम एका माळेत ओवू नका प्लीज. माइनक्राफ्टमध्ये २०१७ ला पोपट आले तेव्हा आधी त्यांना कुकी देऊन माणसाळवता येणार होतं. चॉकलेट पोपटाला विषारी असतं, लहान मुलं घरच्या पोपटाला तेच खायला घालतील म्हणून खेळणाऱ्यांनीच ओरड केली. मग कंपनीनं बदललं, आता बिया द्यायच्या, आणि कुकी दिली की पोपट मरतो. म्हणजे बनवणाऱ्यानं मनावर घेतलं तर गेममधून पण कळतं की जिवाला काय चालतं काय नाही. ताई, तो हरीण पाडायचा गेम मात्र काढूनच टाका, पहिलीच्या पोराला तो कशाला पाहिजे.

गुरांचा_डॉक्टर_हिंगोली
आधी पिल्लाचं बघा, चर्चा नंतर. मांजर कसंही पडलं तरी पायावर उभं राहतं असं आपण म्हणतो पण सहा-सात आठवड्यांचं होईपर्यंत पिल्लाला हवेत वळणं नीट जमत नाही. खोक्यात जुनं धोतर घालून ठेवा, जास्त हलवू देऊ नका, तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा. आणि घरातली क्रोसिन, पॅरासिटामॉलचा थेंबही देऊ नका, मांजराला ते जीवघेणं असतं. पोराला दवाखान्यात सोबत न्या, बाहेर उभं करू नका. पिल्लाच्या छातीवर त्याचं बोट ठेवा, ठोके केवढे जोरात पडतात ते त्याला कळू द्या.

आता चर्चेचं. आपल्याकडं १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये, त्याला कोण भितो? जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आलं, जनावर मारलं किंवा जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याच्या आधी लेकराच्या डोळ्यासमोर काय घडतं ते बघा. माझ्याकडं खांदेसूज आलेले बैल येतात, मागच्या अंगावर तुतारीच्या, म्हणजे हाकायच्या काठीच्या, टोकदार आरीचे व्रण असतात, शेपटीची हाडं पिरगाळून निखळलेली असतात. आणि बैल धरून उभ्या असलेल्या बापाच्या मागं दहा वर्षांचं पोरगं असतं. ते रोज बघतंय. त्याला कार्टूनची काय गरज?

औशाचा_शेतकरी
डॉक्टर, शेतकऱ्याला बोलणं सोपं असतं. बैल आम्ही पोटच्या पोरावाणी सांभाळतो. दुष्काळात स्वतः अर्धपोटी राहून छावणीत दावणीपाशी झोपलेली माणसं आहेत आमच्याकडं. बैलगाडा शर्यतीला पण सुप्रीम कोर्टानं मे २०२३ ला परवानगी कायम ठेवली, ते काय उगं?

गुरांचा_डॉक्टर_हिंगोली
दादा, छावणीत मी पण ड्युटी केलीय, ती माया खरी आहे, एका शब्दानं नाकारत नाही. पण लेकराला त्यातलं काय दिसतं? पेंड भिजवायला पहाटे तुम्ही उठता तेव्हा ते झोपलेलं असतं, आर टोचताना मात्र जागं असतं. शर्यतीत परवानगी पळवायला आहे, शेपूट पिरगाळायला नाही. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला पोराला सोबत घ्या, हळद-तूप त्याच्याच हातानं लावू द्या, जू घासून खांद्याचं कातडं किती टणक झालंय ते त्याला चाचपू द्या. आणि दुसऱ्या आठवड्यात तुतारीची आर काढून टाका, नुसती काठी ठेवा. बैल तेवढ्यावर चालतो, मी बघितलंय.

औशाचा_शेतकरी
आर काढायचं बघतो. आमच्या गड्याला आधी सांगावं लागंल, तो ऐकायचा नाही लवकर.

सेलूची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या सकाळच्या एसटीनं दवाखान्यात जातोय, पोरगा सोबत येतोय. शिकारीचा गेम काढला. मास्तर, एक विचारायचं होतं, तुम्ही वर्गात पोरांना सांगता ते ठीक, पण पारावर हसणाऱ्या मोठ्या माणसांना कसं सांगायचं? आमच्या वाड्यातच दोघंजण आहेत.