मदत हवी आहे: पावसाळी प्रदर्शनात फोटोंचे कोपरे वळतात

19 ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनापासून आमच्या कलामंडळाचं प्रदर्शन भरतं आणि गणपतीपर्यंत चालतं. सभागृह कोकणातलं, एसी नाही, हवा कायम दमट. प्रिंट 12 बाय 18 इंची, लस्टर (हलकी चमक असलेल्या) कागदावर, 5 मिमी सनबोर्डवर (फोमच्या हलक्या बोर्डवर) लावलेल्या.

फक्त कडांना डबल टेप लावली की कागद ओल धरून मधे फुगतो आणि कोपरे सुटतात. पूर्ण पाठीला गमिंग शीट (दोन्ही बाजूंनी चिकट असलेली शीट) लावल्यावर ते थांबलं, पण बुडबुडे येतात. ग्लॉसी कोल्ड लॅमिनेशन (उष्णता न देता वरून चिकटवलेली चकचकीत फिल्म) केलं तर ट्यूबलाइट फोटोत चमकते, चेहरेच दिसत नाहीत. काचेची फ्रेम नको: माउंट (प्रिंट आणि काचेत अंतर ठेवणारी जाड कागदी चौकट) नसेल तर दमटपणात प्रिंट काचेला चिकटते, शिवाय वजन वाढतं. भिंतीला खिळे मारायला परवानगी नाही, सगळं वरच्या पट्टीवरून तंगुसाने टांगावं लागतं.

प्रिंट पुन्हा काढायची तयारी आहे, मात्र फोटो नंतर मुलांच्या शाळांत फिरवायचे असल्याने बोर्ड टिकायला हवेत. अशा हवेत मॅट लॅमिनेशन करून गमिंगवर चिकटवणं बरं, की थेट सनबोर्डवरच यूव्ही प्रिंट (अतिनील प्रकाशाने लगेच सुकणाऱ्या शाईची छपाई) काढावी? त्वचेचे रंग आणि गडद सावल्या यूव्हीत कशा उतरतात, हे स्वतः करून पाहिलेल्या कुणी सांगाल का?