मिन्नेरियाची सफारी दुपारचीच घ्या

सप्टेंबरात श्रीलंकेला जाताय आणि मिन्नेरिया या तलावाभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानाची सफारी सकाळी घ्यावी की दुपारी, असं विचारलंय. दुपारचीच घ्या. उन्हाच्या वेळी हत्ती झाडीत सावलीला असतात, ऊन उतरलं की तलावाकाठी येतात. तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलेला. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत येतं आणि त्यासाठी कळपच्या कळप जमतात.

आम्ही जवळच्या हबरणा गावाहून जीप केली होती. एक हत्तीण अगदी जवळ चरत होती. सोंडेने गवताचा झुबका धरायची, पुढच्या पायाने ठोकरून मुळापासून सोडवायची, मग तो गुडघ्यावर आपटून माती झाडायची आणि मगच तोंडात घालायची. शेजारचं पिल्लू तेच करू बघत होतं, पण झुबका दर वेळी सोंडेतून निसटायचा. अर्धा तास आम्ही तेवढंच बघत होतो. सुळे नाहीत म्हणून सगळ्या माद्या समजू नका हं, तिथे बहुतेक नरांनाही सुळे नसतात.

एक मात्र करा. निघण्यापूर्वी ड्रायव्हरला विचारा, हत्ती सध्या कुठे आहेत? वरच्या धरणातून तलावात पाणी सोडलं असेल तर गवत बुडतं आणि कळप कौडुल्ला किंवा हुरुलू या जवळच्या जंगलांकडे जातात. अशा वेळी मिन्नेरियाचा हट्ट धरू नका. आणि जीप कळपाच्या वाटेत आडवी घालायची नाही, हे त्याला आधीच सांगा. पिल्लं घाबरून आईच्या पोटाखाली शिरतात, ते बघवत नाही.